संस्कृती : शब्दाचा वापर आणि समाजाची जबाबदारी

सार्वजनिक जीवनात 'संस्कृती' हा शब्द जितक्या सहजतेने उच्चारला जातो, तितक्या काटेकोरपणे तो क्वचितच वापरला जातो. शाळेच्या स्नेहसंमेलनात 'सांस्कृतिक कार्यक्रम' म्हणजे नृत्य, नाट्य व गायन. ग्रामसभेत एखाद्या नव्या गोष्टीला विरोध करताना 'हे आपल्या संस्कृतीत बसत नाही' असे म्हटले जाते, तेव्हा संस्कृती म्हणजे रूढी. समाजशास्त्राच्या पुस्तकात मात्र संस्कृती म्हणजे एका समाजाची संपूर्ण जीवनपद्धती. हे तिन्ही अर्थ आपापल्या जागी योग्य आहेत. परंतु ते एकमेकांत मिसळले, की चर्चेत गोंधळ होतो आणि त्या गोंधळाचा परिणाम गावाच्या निर्णयांवर होतो. हा प्रश्न समजून घेण्यासाठी अहिल्यानगर, म्हणजेच २०२४ पर्यंतचा अहमदनगर जिल्हा, फार उपयुक्त आहे.

उत्खननातील संस्कृती

संगमनेर तालुक्यातील प्रवराकाठच्या जोर्वे या गावाचे नाव भारतीय पुरातत्त्वशास्त्रात एका संपूर्ण संस्कृतीला मिळाले आहे. १९५०-५१ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. शां. भा. देव यांनी येथे उत्खनन केले. त्यानंतर महाराष्ट्रात ज्या ज्या ठिकाणी त्याच प्रकारचे अवशेष सापडले, ती ठिकाणे 'जोर्वे संस्कृती'ची म्हणून ओळखली जाऊ लागली. हिचा प्रारंभ सुमारे इ. स. पूर्व १४०० पर्यंत मागे नेता येतो.

या संस्कृतीची ओळख कशावरून पटते? लाल पृष्ठभागावर काळी नक्षी असलेल्या तोटीच्या भांड्यांवरून, दगडी व तांब्याच्या हत्यारांवरून, घरांच्या मांडणीवरून आणि लहान मुलांचे मृतदेह मडक्यांत ठेवून घराच्या जमिनीखाली पुरण्याच्या रीतीवरून. येथे राजा नाही, ग्रंथ नाही, जयघोष नाही. माणसे कशी राहत, काय शिजवीत, आपल्या मृतांना कसा निरोप देत, यालाच अभ्यासक संस्कृती म्हणतात. या अर्थाने कुंभार, शेतकरी व घर सांभाळणारी स्त्री हे संस्कृतीचे प्रेक्षक नसून कर्ते ठरतात.

प्रवरेच्याच काठी दायमाबाद येथे १९७४ मध्ये रथ, रेडा, हत्ती व गेंडा यांच्या चार भरीव, वजनदार धातुमूर्ती सापडल्या. त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु त्यांचा संबंध उत्तरकालीन हडप्पा संस्कृतीशी जोडला जातो, आणि दायमाबादच्या उत्खननातही त्या संस्कृतीचा एक थर आढळला आहे. याचा अर्थ, सिंधूच्या खोऱ्याशी नाते सांगणारे जीवन त्या दूरच्या काळातही प्रवरेपर्यंत पोहोचले होते. बाहेरून काहीही न घेता केवळ स्वतःच्या मातीतून उगवलेली संस्कृती शोधू गेल्यास ती या मातीतही सापडत नाही.

अनेक प्रवाहांचा जिल्हा

ऐतिहासिक काळातही हेच दिसते. नेवासे येथे ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीतेवरील टीका सिद्ध केली. पुढे श्रीगोंद्याच्या शेख महंमद यांनी 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठीत रचला. राहुरी तालुक्यातील ताहाराबादच्या महिपतींनी अठराव्या शतकात संतचरित्रे लिहिली. त्यानंतर रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी नगरमध्ये राहून मराठी ख्रिस्ती काव्याची निर्मिती केली. यांपैकी एकालाही वगळून या जिल्ह्याची वाङ्मयीन संस्कृती पूर्णपणे सांगता येणार नाही.

ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते नगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध झाले. तेथे १९४४ साली पंडित नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ लिहिला. मौलाना आझादांचा 'गुबार-ए-खातिर' हा उर्दू पत्रसंग्रहही याच किल्ल्यातील. भिन्न प्रांतांचे, भिन्न भाषांचे व भिन्न धर्मांचे हे सहबंदी. त्यांच्याशी झालेल्या चर्चांचा आपल्या ग्रंथाला लाभ झाल्याचे नेहरूंनी कृतज्ञतेने नमूद केले आहे. भारतीय संस्कृती म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर तेथे आधीच ठरलेले नव्हते. ते वाचनातून व चर्चेतून शोधले जात होते.

रूढीची ढाल

याउलट, संस्कृतीचे नाव घेऊन प्रश्नच थांबविण्याची प्रवृत्तीही आपल्या समाजात जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात नगरमध्ये मिस सिंथिया फॅरार मुलींच्या शाळा चालवीत होत्या. ते कार्य पाहून जोतिराव फुले यांना प्रेरणा मिळाली, आणि १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे प्रशिक्षण नगरमध्ये घेतले. त्या काळी स्त्रीशिक्षणाला झालेला विरोध धर्म व परंपरा यांच्याच नावाने झाला होता. आज त्याच सावित्रीबाईंचा उल्लेख आपण महाराष्ट्राच्या संस्कृतीचे भूषण म्हणून करतो. जे एका पिढीला संस्कृतीविरोधी वाटले, ते पुढील पिढ्यांची संस्कृती झाले.

अलीकडचे उदाहरण नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूरचे आहे. घरांना दारे न लावण्याच्या प्रथेमुळे हे गाव सर्वपरिचित आहे. तेथील चौथऱ्यावर स्त्रियांनी जाऊ नये, हीदेखील परंपराच मानली जात असे. २०१६ च्या प्रारंभी या प्रश्नावर आंदोलन झाले. १९५६ च्या मंदिरप्रवेशविषयक कायद्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने १ एप्रिल रोजी स्त्रियांचा प्रवेशाचा हक्क स्पष्ट केला, आणि ८ एप्रिल रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, देवस्थानाने चौथरा स्त्री-पुरुष सर्वांना खुला केला. परस्परविश्वासाचे प्रतीक असलेली बिनदाराच्या घरांची प्रथा आणि स्त्रियांना मज्जाव करणारी प्रथा, दोन्ही एकाच गावच्या. केवळ 'परंपरा' म्हटल्याने त्यांतील भेद कळत नाही. तो विवेकानेच करावा लागतो.

संविधानाचा निकष

या विवेकाचा निकष संविधानात आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ५१क या अनुच्छेदात नागरिकांची मूलभूत कर्तव्ये समाविष्ट झाली. त्यांत स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथांचा त्याग करणे हे एक कर्तव्य आहे, आणि त्याच्या लगतचे कर्तव्य आपल्या संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे मोल जाणून तो जतन करण्याचे आहे. त्याग आणि जतन ही दोन्ही कर्तव्ये एकाच नागरिकाची आहेत.

म्हणून ग्रामसभेत वा शाळेत संस्कृतीचा दाखला दिला जाईल तेव्हा काही साधे प्रश्न विचारणे हिताचे ठरेल. ही रीत केव्हापासूनची आहे? ती गावातील सर्वांची आहे की काहींची? तिच्यामुळे कोणाचा सन्मान वाढतो व कोणाला बाहेर उभे राहावे लागते? ती सोडल्यास गावाचे खरोखर काय हरवेल? यांची उत्तरे प्रामाणिकपणे दिली गेली, तर जतन करण्याजोगे पुष्कळ काही हाती लागेल. शिक्षकांना विद्यार्थ्यांकडून गावातील जुनी अवजारे, धान्यांच्या जाती, ओव्या, कारागिरांचे शब्द यांची नोंदवही तयार करवून घेता येईल. पंचायतींना गावच्या वाचनालयात तिला स्थान देता येईल. अधिकाऱ्यांनी सांस्कृतिक कार्याचा विचार एका रात्रीच्या कार्यक्रमापुरता न करता या वर्षभराच्या कामालाही पाठबळ द्यावे.

जोर्व्याच्या कुंभाराने भांड्याला तोटी लावली, तेव्हा आपण संस्कृती घडवीत आहोत हे त्याला ठाऊक नव्हते. आपल्याला ते ठाऊक आहे. आज आपण ज्या रीती पाळू, ज्या सोडू आणि ज्यांना आपल्या पंक्तीत बसवू, त्यांवरून पुढील पिढ्या आपली संस्कृती ओळखणार आहेत.