रंगावरून मोजमाप : एलायझा चाचणीची ओळख



मिलिलिटरभर रक्तद्रवात ग्रॅमचे काही अब्जांश एवढेच असलेले प्रथिन कसे मोजावे? तराजू येथे निरुपयोगी. अशा वेळी प्रतिपिंडांची मदत घेतात. (हिंदीत आम्ही ज्याला 'प्रतिरक्षी' म्हणून शिकलो, तेच मराठीत प्रतिपिंड.) प्रतिपिंड ठरावीक प्रथिनालाच घट्ट पकडते.

काय मोजायचे?
व्हीईजीएफ हे प्रथिन रक्तवाहिन्यांच्या पेशींना वाढीचा निरोप देते. पेशीवरचे जे प्रथिन तो निरोप घेते, त्यास ग्राही म्हणतात. एका ग्राहीचा सुटा प्रकार, एसएफएलटी-१, रक्तात फिरतो व निरोप वाटेतच अडवतो. गर्भारपणात वारेतून तो फार प्रमाणात सुटला, तर मातेच्या रक्तवाहिन्यांना इजा होते, रक्तदाब वाढतो, लघवीतून प्रथिने जातात. प्रीएक्लॅम्प्सिया या विकाराशी असलेला हा संबंध अनंत करुमांची व त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टन येथे २००३ मध्ये दाखवला. हा विकार माता व बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतो.

कसे मोजायचे?
एलायझा ही पद्धत १९७१ मध्ये स्वीडनच्या इव्हा एंगव्हॉल व पीटर पर्लमान यांनी मांडली. आज प्रचलित असलेल्या तिच्या 'सँडविच' प्रकाराच्या पायऱ्या अशा :

१. ९६ खळग्यांच्या प्लेटच्या तळाशी पहिले प्रतिपिंड चिकटवतात. उरलेली जागा दुसऱ्या साध्या प्रथिनाने झाकतात.
२. नमुना घालतात. ग्राही पकडला जातो. बाकीचे धुऊन टाकतात.
३. विकर जोडलेले दुसरे प्रतिपिंड घालतात. ते ग्राहीच्या दुसऱ्या भागावर बसते. पुन्हा धुतात.
४. रंगद्रव्य घालतात. विकरामुळे ते निळे होते. आम्ल घातल्यावर पिवळे. रंग जितका गडद, तितका ग्राही जास्त.

रंगाचा आकडा कसा होतो?
नुसता रंग काही सांगत नाही. म्हणून त्याच प्लेटवर ज्ञात प्रमाणाची द्रावणे आणि एक कोरा खळगा ठेवतात. त्यांच्या वाचनांवरून आलेख काढतात व नमुन्याचे प्रमाण त्यावर वाचतात. प्रत्येक नमुना दोन खळग्यांत घालतात. दोन्ही वाचनांत फार फरक आला, तर चाचणी पुन्हा करतात. वाचन आलेखाच्या वर गेले, तर अंदाज न करता नमुना पातळ करतात. समजा, दहापट पातळ केल्यावर ४५० पिकोग्रॅम आले, तर खरे प्रमाण ४५०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर.

ही शिस्त का हवी? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, या विकाराची शंका असलेल्या गर्भवतींमध्ये एसएफएलटी-१ व पीएलजीएफ या प्रथिनांचे गुणोत्तर ३८ किंवा कमी असल्यास पुढील आठवड्यात विकार होण्याची शक्यता फारच कमी आढळली. म्हणजे एखाद्या मातेने घरी जावे की दवाखान्यात राहावे, या निर्णयात हा आकडा डॉक्टरांना मदत करतो. एक खळगा नीट धुतला नाही, तर आकडा चुकू शकतो.

करून पाहा : निळ्या शाईचे १, २, ४ व ८ थेंब समान पाण्याच्या चार परीक्षानळ्यांत घाला. पाचव्या नळीत मित्राला गुपचूप काही थेंब घालू द्या. रंग जुळवून संख्या सांगा.

पालकांना व विश्वस्तांना आमची विनंती एवढीच, की मुलांच्या प्रयोगवहीत सुबक आकृतीइतकेच प्रामाणिक वाचनही पाहावे. न जुळलेले वाचन खोडून 'बरोबर' उत्तर लिहिण्याची सवय शाळेतच मोडली पाहिजे.