घर घेण्याआधी माणूस पारखावा

पाठाचा परिचय

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही मराठीतील जुनी म्हण आहे. दोन्ही कार्यांत खर्च मोठा, दगदग मोठी आणि चुकीचे परिणाम दीर्घकाळ भोगावे लागणारे. मात्र एक फरक आहे. सोयरीक जुळवताना माणसे चार ठिकाणी चौकशी करतात. घर घेताना मात्र पहिल्याच भेटीत गोड बोलणाऱ्या मध्यस्थाच्या हाती आयुष्यभराची पुंजी सोपवतात. मध्यस्थ, कर्ज मिळवून देणारा प्रतिनिधी आणि वकील यांची पात्रता आधीच कशी तपासावी, याचा विचार या पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर विद्यार्थ्याला –
• घरखरेदीत मदत करणाऱ्या व्यक्तींची कामे व हितसंबंध सांगता येतील;
• त्यांची नोंदणी व ज्ञान तपासण्याच्या पद्धती स्पष्ट करता येतील;
• तोंडी आश्वासन व लेखी पुरावा यांतील फरक ओळखता येईल.

मूळ पाठ

1. मोबदला कोणाकडून?

घर दाखवणाऱ्या मध्यस्थाला सौदा पूर्ण झाला तरच दलाली मिळते. ती कधी विकासक देतो, कधी ग्राहक, तर कधी दोन्ही पक्ष. गृहकर्ज मिळवून देणाऱ्या प्रतिनिधीला बहुधा बँक किंवा वित्तसंस्था मोबदला देते. बँकेने नेमलेला वकील मालमत्तेची कागदपत्रे तपासतो खरा, पण त्याचा अहवाल बँकेच्या कर्जाच्या सुरक्षिततेसाठी असतो. 'बँकेने कर्ज मंजूर केले, म्हणजे घर निर्दोष आहे' हा समज म्हणूनच धोक्याचा आहे. ग्राहकाने स्वतः नेमलेला आणि स्वतः शुल्क दिलेला वकील तेवढा ग्राहकाचा.

याचा अर्थ मध्यस्थ अप्रामाणिकच असतो, असा नाही. परंतु ज्याचे पोट सौद्यावर अवलंबून आहे, त्याच्याकडून 'हे घर घेऊ नका' हा सल्ला सहजासहजी येत नाही. म्हणून 'तुम्हाला मोबदला कोण देणार आणि किती?' हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा. सरळ माणूस त्याचे सरळ उत्तर देतो.

2. नोंदणीची कसोटी

स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, 2016 हा केंद्राचा कायदा 1 मे 2017 पासून पूर्णपणे अमलात आला. सामान्यतः 'रेरा' या नावाने तो ओळखला जातो. कायदा देशाचा असला, तरी अंमलबजावणी करणारे प्राधिकरण त्या त्या राज्याचे असते. महाराष्ट्रात ते 'महारेरा' म्हणून परिचित आहे. या कायद्याखाली नोंदवलेल्या प्रकल्पातील घर विकण्यास मदत करणाऱ्या मध्यस्थाला स्वतःचीही नोंदणी करावी लागते. नोंदणी क्रमांक मागून तो प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळावा. केवळ छापील पत्रिकेवर विसंबू नये. नाव, पत्ता आणि नोंदणीची मुदत या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. महाराष्ट्रात 2023 साली मध्यस्थांसाठी प्रशिक्षण, परीक्षा आणि सक्षमता प्रमाणपत्र यांची अट घालण्यात आली. तेथील खरेदीदाराने हे प्रमाणपत्रही पाहावे.

जुन्या घराच्या पुनर्विक्रीत अशी नोंदणी नेहमीच सक्तीची नसते. तेथे पुढील कसोट्या अधिक काटेकोरपणे लावाव्यात.

वकिलाच्या बाबतीत राज्याच्या वकील परिषदेची सनद पाहावी. कर्जप्रतिनिधी खरोखरच त्या बँकेचा आहे का, याची खात्री शाखेत जाऊन करावी.

3. ज्ञानाची कसोटी

नोंदणी हे ओळखीचे साधन आहे. ती कौशल्याची हमी नव्हे. ज्ञान पारखण्याचा सोपा उपाय म्हणजे ज्याचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे, असा प्रश्न विचारणे.

समजा, एका कुटुंबाला नव्या प्रकल्पात 50 लाख रुपयांचे घर घ्यायचे आहे. त्यांनी मध्यस्थाला विचारावे, 'विक्रीचा करार नोंदवण्यापूर्वी किती रक्कम द्यावी लागेल?' रेरा कायद्यानुसार लेखी करार करून तो नोंदवल्याशिवाय विकासकाला किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. म्हणजे येथे मर्यादा 5 लाखांची. 'आजच 15 लाख भरा, उद्या भाव वाढेल' असे म्हणणारा मध्यस्थ एकतर कायदा जाणत नाही किंवा जाणूनही लपवतो. दोन्ही स्थितींत तो कामाचा नाही.

कर्जप्रतिनिधीला विचारावे, 'या घरासाठी जास्तीत जास्त किती कर्ज मिळेल?' रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार 30 लाखांहून अधिक व 75 लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे येथे 40 लाख. मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च या किमतीत धरला जात नाही. तो वेगळा उभा करावा लागतो. 'सगळे पैसे बँक देईल' हे आश्वासन ऐकताच सावध व्हावे.

वकिलाला विचारावे, 'शोध अहवालात किती वर्षांचे व्यवहार तपासणार?' 30 वर्षांचा मालकीचा इतिहास, फेरफार नोंदी, जमिनीवरील बोजा आणि वारसांचे हक्क यांविषयी जो स्वतःहून बोलतो, त्याला आपले काम कळते.

4. लेखी पुराव्याची कसोटी

कर्जाच्या दरातील लहान फरकही दूरवर जाचतो. 30 लाखांचे कर्ज 20 वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे 26,035 रुपये होतो. नऊ टक्क्यांनी घेतल्यास सुमारे 26,992 रुपये. दर कायम राहिल्यास अर्ध्या टक्क्यापोटी एकूण जवळजवळ 2 लाख 30 हजार रुपये जास्त जातात. म्हणून तोंडी सांगितलेला दर प्रमाण मानू नये. 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी कर्जदाराला मुख्य तथ्य विवरणपत्र देणे बँकांवर बंधनकारक आहे. त्यात व्याजासह सर्व आकारांचा हिशेब असतो. दोन-तीन बँकांची विवरणपत्रे शेजारी ठेवून तुलना करावी. विवरणपत्र दाखवण्यास टाळाटाळ करणाऱ्या प्रतिनिधीला दुरूनच नमस्कार करावा.

दलालीची रक्कम, ती केव्हा द्यायची आणि सौदा मोडल्यास काय होईल, हेही कागदावर यावे. पैसे धनादेशाने किंवा बँकेमार्फत द्यावेत आणि पावती घ्यावी. कोऱ्या कागदावर सही कधीही करू नये.

शेवटी, त्या व्यक्तीमार्फत पूर्वी घर घेतलेल्या दोन-तीन कुटुंबांना भेटावे. अडचण आली तेव्हा तो माणूस उभा राहिला का, हे तेच सांगू शकतात. प्रश्न विचारणे हा अविश्वास नव्हे. तो ग्राहकाचा अधिकार आहे. जाणकार व्यावसायिकाला प्रश्नांचा राग येत नाही; राग येतो तो ज्याच्याजवळ उत्तर नाही त्याला.

शब्दार्थ

पुंजी – साठवलेले धन
सनद – वकिली करण्याचा अधिकृत परवाना
बोजा – मालमत्तेवरील कर्जाचा किंवा दाव्याचा भार
फेरफार – जमिनीच्या हक्कांतील बदलाची नोंद

स्वाध्याय

1. बँकेच्या वकिलाचा अहवाल ग्राहकाला पुरेसा का नाही?
2. 'नोंदणी ही कौशल्याची हमी नव्हे' हे विधान स्पष्ट करा.
3. घराची किंमत 45 लाख रुपये असल्यास नोंदणीकृत करारापूर्वी विकासकाला जास्तीत जास्त किती रक्कम घेता येईल?
4. आपल्या परिसरात अलीकडे घर घेतलेल्या एका कुटुंबाला भेटा. त्यांनी मध्यस्थाची निवड कशी केली, ते दहा ओळींत लिहा.