मध्यक कोणता? वैद्यकीय संशोधनातील संख्याशास्त्राचे काही प्राथमिक शब्द

पर्वत पाटियात माझ्याकडे अभ्यासाला येणाऱ्या एका परिचर्येच्या विद्यार्थिनीने एकदा आपल्या प्रकल्पाचा मराठी सारांश वाचायला दिला. घरी अहिराणी, शाळा गुजराती माध्यमाची आणि सारांश मराठीत. त्यात तिने लिहिले होते, “रुग्णालयातील मुक्कामाचा मध्यक ८ दिवस.” मी आकडे तपासले तर मध्यक ४ निघाला. “सर, बेरीज करून भागाकार केलाय, ८च येतात,” ती म्हणाली. तिचे गणित बरोबर होते. चूक शब्दात होती.

गुजराती पाठ्यपुस्तकात ‘मध्यक’ म्हणजे सरासरी, आणि मधल्या स्थानावरील संख्येला तिथे ‘मध्यस्थ’ म्हणतात. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकात सरासरीला ‘मध्य’ आणि मधल्या संख्येला ‘मध्यक’ म्हणतात. ‘बहुलक’ मात्र दोन्हीकडे एकच आहे. एकाच लिपीकुळातल्या, शेजारच्या दोन भाषांत एक शब्द दोन वेगळ्या मापांना लावलेला आहे, आणि सुरतेतील मराठी मूल त्या दोन्हींच्या मध्ये उभे असते. म्हणून या लेखात मी शब्दांच्या वाटेने जैवसंख्याशास्त्राची ओळख करून देणार आहे.

मध्य आणि मध्यक

समजा, पाच रुग्णांचा रुग्णालयातील मुक्काम ३, ४, ४, ५ आणि २४ दिवसांचा आहे. बेरीज ४०, म्हणून सरासरी ८. क्रमाने लावल्यावर मधली संख्या ४. पाचपैकी चार रुग्ण पाच दिवसांच्या आत घरी गेले असताना ‘सरासरी ८ दिवस’ हे वाक्य खोटे नाही, पण वाचणाऱ्याची दिशाभूल करते. एका रुग्णाचे २४ दिवस सरासरीला आपल्याकडे ओढतात. मध्यकाला ते ओढू शकत नाहीत. मुक्काम, खर्च, आजाराचा कालावधी अशा एका बाजूला लांब शेपूट असलेल्या आकड्यांसाठी संशोधक मध्यक देतात, त्याचे कारण हेच.

विचलन

सरासरीच्या भोवती आकडे किती पसरले आहेत हे प्रमाण विचलन सांगते. आकडे घंटेच्या आकारात पसरलेले असतील तर सुमारे ९५ टक्के व्यक्ती सरासरीच्या दोन्ही बाजूंना दोन प्रमाण विचलनांच्या आत सापडतात. हा मुद्दा केवळ परीक्षेपुरता नाही. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११–१९९७) यांनी कुपोषणाच्या मोजणीवर जो आक्षेप घेतला, तो याच मुद्द्यावर उभा होता. उष्मांकांची सरासरी गरज हीच किमान गरज मानली, तर आपापल्या गरजेइतके जेवणारी निम्मी निरोगी माणसेही कुपोषित ठरतील, असे त्यांचे म्हणणे. वि. म. दांडेकरांनी त्यांना विरोध केला आणि तो वाद पुढे गाजला. कोणाचे बरोबर हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी रेषा कुठे ओढायची यावर कोट्यवधी माणसे ‘उपाशी’ किंवा ‘पोटभर’ ठरतात, एवढे विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे.

छेद विचारा

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ जाहीर झाली आणि लाखो लोक शहर सोडून गेले. त्या काळातील बातम्या आजही वर्गात वाचण्यासारख्या आहेत. ‘इतके रुग्ण, इतके मृत्यू’ असे त्यांत असते. पण रुग्ण म्हणजे संशयित की प्रयोगशाळेत खात्री झालेले? प्रत्येक तापकऱ्याला रुग्ण धरले तर छेद फुगतो आणि आजार सौम्य भासतो. फक्त खात्री झालेले धरले तर छेद आटतो आणि तोच आजार भयंकर दिसतो. मृतांचा आकडा दोन्ही वेळा तोच असतो.

शब्दांचाही इथे गोंधळ होतो. एकूण लोकसंख्येत किती दगावले हा ‘मृत्युदर’. आजारी पडलेल्यांत किती दगावले हे ‘रुग्णमृत्यू प्रमाण’. लेखकांनी हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

तुलना कोणाशी?

आता एक खरे संशोधन घेऊ. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात गावातल्याच बायांना प्रशिक्षण देऊन नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ३९ गावांत ही सेवा दिली. ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. सुरुवातीला, १९९३–९५ मध्ये, दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू सेवेच्या गावांत ६२ आणि तुलनेच्या गावांत ५८ होते. सेवेच्या तिसऱ्या वर्षी ते अनुक्रमे २५.५ आणि ५९.६ झाले.

तुलनेची गावे नसती तर कोणीही म्हणाले असते, रस्ते झाले, पाऊसपाणी चांगले झाले, म्हणून मृत्यू घटले. पण शेजारच्या गावांत ते घटले नाहीत. तुलना गटाचे काम हेच. एक मर्यादाही सांगायला हवी : गावांची वाटणी चिठ्ठ्या टाकून, म्हणजे यादृच्छिक पद्धतीने, झालेली नव्हती. अशा वेळी दोन्ही गट मुळात सारखे होते का, हे सुरुवातीच्या आकड्यांवरून पाहावे लागते. ६२ आणि ५८ हे आकडे म्हणूनच महत्त्वाचे आहेत.

तिसऱ्या वर्षाचा फरक ३४.१ आहे. हीच गोष्ट तीन प्रकारे सांगता येते. मृत्यू ५७ टक्क्यांनी कमी : ही सापेक्ष घट. हजारी ३४ मृत्यू कमी : ही निरपेक्ष घट. सुमारे २९ बाळांची काळजी घेतली की एक बाळ वाचते : हा १००० भागिले ३४.१ याचा अर्थ. तिन्ही खरे आहेत. पण ‘५७ टक्के घट’ ही हजारात ५९ वरून २५ अशी असू शकते, तशीच लाखात ७ वरून ३ अशीही असू शकते. म्हणून टक्केवारी एकटी कधी लिहू नये.

सार्थक म्हणजे काय नव्हे

त्याच संशोधनात नवजात बाळांच्या जंतुसंसर्गाचे आकडे आहेत. उपचार सुरू होण्याआधी १६३ बाधित बाळांपैकी १६.६ टक्के, म्हणजे २७, दगावली. उपचारानंतर ७१ पैकी २.८ टक्के, म्हणजे २. पी-मूल्य ०.०१ पेक्षा कमी. याचा अर्थ : उपचाराचा काहीच परिणाम नाही असे धरले, तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची संभाव्यता शंभरात एकाहून कमी. ‘उपचार गुणकारी असण्याची शक्यता ९९ टक्के’ असा त्याचा अर्थ होत नाही. तसेच ही तुलना आधी-नंतरची आहे. मधल्या काळात दुसरे काही बदलले असेल तर त्याचे उत्तर पी-मूल्य देत नाही.

अशा निष्कर्षाला आपण ‘सार्थक’ म्हणतो आणि इथे मराठी आपल्याला फसवते. जन्माचे सार्थक झाले म्हणणाऱ्या भाषेत ‘सार्थक फरक’ म्हणजे मोठा, मोलाचा फरक वाटतो. वृत्तपत्रे ‘लक्षणीय’ लिहितात, तेही तसेच. पण नमुना प्रचंड असेल तर क्षुल्लक फरकही सार्थक ठरतो, आणि नमुना लहान असेल तर प्राण वाचवणारा फरकही ठरत नाही. मी विद्यार्थ्यांना ‘संख्याशास्त्रीयदृष्ट्या सार्थक’ असे पूर्ण लिहायला लावतो आणि पुढे फरक किती हे आकड्यात मागतो.

त्यासाठी विश्वास अंतराल उपयोगी पडते. ७१ पैकी २ यावरून काढलेले ९५ टक्के विश्वास अंतराल सुमारे ०.३ ते १० टक्के येते. १६३ पैकी २७ यावरून सुमारे ११ ते २३. याच रीतीने शंभर नमुन्यांतून शंभर अंतराले काढली तर त्यांपैकी सुमारे ९५ खऱ्या प्रमाणाला कवेत घेतील. २.८ हा एकच आकडा पाहून वाटणारी खात्री ‘०.३ ते १०’ वाचल्यावर थोडी सैल होते. तेवढी ती व्हायलाच हवी.

शेवटी

आज ‘आशा’ ताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन आणि ताप पाहते, त्या व्यवस्थेमागे गडचिरोलीचे हे आकडे आहेत. ते आकडे मराठी बोलणाऱ्या गावांतून आले. त्यांचा अर्थ मराठीत नेमका सांगता येणे हे आपले काम आहे.

त्या विद्यार्थिनीने सारांश दुरुस्त केला : “मुक्कामाचा मध्य (सरासरी) ८ दिवस, मध्यक (मधली संख्या) ४ दिवस.” कंसातले शब्द तिने स्वतःहून घातले. सुरतेत लिहिणाऱ्या प्रत्येकाने ते घालावेत, असे मला वाटते.