‘आर्य’ शब्दाची साक्ष : थिंड खटल्यातील भाषा आणि नागरिकत्व

जन्माने परका असलेल्या माणसास कायद्याने नागरिक करून घेण्याच्या प्रक्रियेला देशीयकरण म्हणतात. अर्जदाराला यात स्वतःची ओळख कायद्यास मान्य होईल अशा शब्दांत मांडावी लागते. असे अर्ज आणि त्यांवरील निकाल म्हणूनच भाषेच्या अभ्यासकाच्याही कक्षेत येतात. भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तर वादाचा विषयच काही शब्दांचा अर्थ हा होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी १९२३ रोजी तो निकालात काढला.

१७९० च्या अमेरिकी कायद्याने देशीयकरणाचा हक्क मुक्त ‘गोऱ्या व्यक्तीं’पुरता ठेवला होता. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. आशियाई अर्जदारापुढे मग आपण ‘गोरे’ आहोत हे सिद्ध करणे एवढाच मार्ग उरला. थिंड १९१३ मध्ये पंजाबातून अमेरिकेत गेले आणि १९१८ मध्ये तेथील सैन्यात होते. ऑरेगनमधील न्यायालयाने १९२० मध्ये त्यांना नागरिकत्व दिले. सरकारने त्याविरुद्ध दाद मागितली.

थिंड यांच्या बाजूने मांडलेला युक्तिवाद थोडक्यात असा : ‘गोरा’ म्हणजे कॉकेशियन, हे न्यायालयानेच तीन महिन्यांपूर्वी ताकाओ ओझावा या जपानी अर्जदाराच्या खटल्यात म्हटले होते, उत्तर भारतातील उच्चवर्णीय आर्य आहेत, आर्य कॉकेशियन आहेत, म्हणून थिंड गोरे आहेत. रक्तशुद्धीचा पुरावा म्हणून जातिबाह्य विवाहाचा निषेध पुढे करण्यात आला. उच्चवर्णीय हिंदू विवाहाच्या बाबतीत येथील मूलनिवासींकडे, अमेरिकी माणूस निग्रोकडे पाहतो त्याच दृष्टीने पाहतो, असेही निवेदनात होते. थिंड स्वतः शीख होते. तरी न्यायालयासमोर प्रश्न आला तो ‘उच्चवर्णीय हिंदू’ गोरा आहे काय, असा. तेव्हाच्या अमेरिकेत हिंदुस्थानातून आलेला कोणीही ‘हिंदू’च म्हणवला जाई, हे खरे, परंतु ‘उच्चवर्णीय’ हे विशेषण जातिभेद नाकारणाऱ्या परंपरेतील माणसाला लावले जात होते, हे नजरेआड करता येत नाही.

मराठी वाचकाला येथे जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’ची (१८७३) आठवण व्हावी. निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना तो ग्रंथ अर्पण केलेला आहे. आर्य बाहेरून आले, हे गृहीतक फुल्यांनी आक्रमणाचा पुरावा म्हणून वापरले. थिंड यांच्या निवेदनात तेच कुलीनतेचा दाखला झाले. एकाने त्या आधारे शूद्रातिशूद्रांचे आणि निग्रोंचे दुःख एका पंक्तीस बसवले, दुसऱ्याने त्या दोघांपासूनचे अंतर मोजून दाखवले. थिंड यांना दोष देऊन हा फरक संपत नाही. कायद्याने विचारलेला प्रश्नच असा होता, की वर्चस्वाची भाषा न वापरता त्याचे उत्तर देणे जवळजवळ अशक्य होते.

न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी (तेही जन्माने इंग्लंडचेच) हे उत्तर नाकारले. ‘आर्य’ हा भाषाविषयक शब्द असून समान भाषेवरून समान वंश ठरत नाही. लाखो निग्रोंनी इंग्रजी स्वीकारली म्हणून ते गोरे ठरले नाहीत, असे त्यांनी म्हटले. यातील पहिले विधान भाषाशास्त्राला धरून आहे. मॅक्स म्यूलर यांनीही हा इशारा आधीच दिला होता. परंतु त्याच निकालात ‘गोरा’चा अर्थ सामान्य माणसाच्या समजुतीवर सोपवला गेला. ओझावा यांच्याविरुद्ध शास्त्राचा आधार घेणारे न्यायालय थिंड यांच्याविरुद्ध लोकव्यवहाराकडे वळले, आणि दोन्ही निकाल सदरलँड यांनीच लिहिलेले होते.

यानंतर अनेक भारतीयांचे आधी मिळालेले नागरिकत्व काढून घेण्यात आले. त्यांपैकी वैष्णोदास बगई यांनी १९२८ मध्ये आत्महत्या केली. थिंड यांच्या वकिलांपैकी एक, सखाराम गणेश पंडित, १९१४ पासून स्वतः नागरिक होते. त्यांच्यावरही अशीच कारवाई झाली, पण ते जिंकले. आपल्या बचावात त्यांनी वंशापेक्षा, मिळालेल्या नागरिकत्वावर विसंबून उभारलेल्या आयुष्याला महत्त्व दिले होते : वकिली, विवाह, घर. थिंड यांना १९३६ मध्ये, पहिल्या महायुद्धातील सैनिकांसाठी झालेल्या कायद्याखाली, नागरिकत्व मिळाले. इतर भारतीयांसाठी ते दार २ जुलै १९४६ च्या कायद्याने उघडले. त्या कायद्यात ‘आर्य’ हा शब्द नाही आणि ‘उच्चवर्णीय’ही नाही. पात्र व्यक्ती तेथे ‘हिंदुस्थानातील मूलनिवासी वंशांच्या’ म्हणून नोंदल्या आहेत.