अंगठ्याचे वजन



दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात (लूक १०:२५-३७) तिघेही जण पाहतात. याजकाने जखमी माणसाला पाहिले, लेव्याने पाहिले आणि शोमरोन्यानेही पाहिले. पाहण्यात तिघे सारखेच होते. व्हॅटिकनच्या संपर्कमाध्यम विभागाने २०२३ साली सोशल मीडियावरील ख्रिस्ती वर्तनाविषयी चिंतन प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनीही हाच दाखला पुढे ठेवला. आज आपण मोबाईलवर रोज असे जखमी पाहतो. एखाद्या देशात जनता रस्त्यावर उतरते, गोळीबार होतो आणि ‘आम्ही तुमच्यासोबत आहोत’ असे चित्र लावण्याची विनंती आपल्यापर्यंत येते. आपण अंगठा दाबतो. त्या अंगठ्याला काही वजन असते का?

उत्तर शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले व दुसऱ्या दिवशी मुंबई बंद राहिली. या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न उपस्थित केला. तिच्या मैत्रिणीने त्याला पसंतीचा अंगठा दिला. जमावाने पहिल्या मुलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड केली आणि १९ तारखेला दोघींना अटक झाली. त्याच दिवशी त्यांना जामीन मिळाला, परंतु देशभर संताप उसळला. हजारो अनोळखी माणसांनी या मुलींच्या बाजूने लिहिले. श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले. चर्चा करणे व मताचा पुरस्कार करणे वेगळे आणि चिथावणी देणे वेगळे, हा भेद न्यायालयाने त्या निकालात स्पष्ट केला.

म्हणजे पाठिंबा पोकळच असतो असे नाही. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते प्रीती म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे, आणि इच्छा कृतीतून प्रकट होते. अंगठा दाबणे ही छोटी का होईना, कृतीच आहे. पण पालघरच्या प्रकरणात निकाल बदलला तो केवळ अंगठ्यांनी नव्हे. कोणीतरी याचिका लिहिली आणि अडीच वर्षे ती चालवली गेली.

आता म्यानमारकडे पाहू. १ फेब्रुवारी २०२१ रोजी तेथे लष्कराने सत्ता बळकावली. लोक रस्त्यावर आले, रात्री घराघरांतून भांडी वाजवून निषेध करू लागले, आणि चारच दिवसांत लष्कराने फेसबुक बंद केले. सत्ताधाऱ्यांना या माध्यमाचे वजन आपल्यापेक्षा आधी कळते! त्याच महिन्याच्या अखेरीस मितकीना शहरात सिस्टर ॲन रोझ नु तॉन्ग सशस्त्र पोलिसांसमोर गुडघे टेकून बसल्या व मुलांना मारू नका अशी विनवणी करू लागल्या. कार्डिनल चार्ल्स बो यांनी ते छायाचित्र ट्विटरवर टाकले आणि ते जगभर गेले. १७ मार्च रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी आपणही म्यानमारच्या रस्त्यावर गुडघे टेकतो असे सांगून हिंसा थांबवण्याचे आवाहन केले. छायाचित्राने गोळ्या थांबल्या नाहीत. ८ मार्च रोजी त्या पुन्हा गुडघ्यांवर बसल्या, आणि त्या दिवशीही तेथे माणसे मारली गेली. मात्र जगाला पाहिले नाही असे म्हणण्याची सोय उरली नाही.

याच कथेची दुसरी बाजू आपण विसरू नये. काही वर्षांपूर्वी त्याच देशात, त्याच फेसबुकवर, रोहिंग्या मुसलमानांविरुद्ध द्वेष पसरवला गेला होता. २०१७ साली लाखो रोहिंग्यांना बांगलादेशात पळून जावे लागले. आपण पुरेशी काळजी घेतली नाही, हे कंपनीने २०१८ साली मान्य केले. २०२१ चा मार बसल्यावर म्यानमारच्या कित्येक तरुणांनी रोहिंग्यांची जाहीर माफी मागितली. ज्यांच्या दुःखावर पूर्वी संशय घेतला, त्यांचे दुःख आता त्यांना स्वतःच्या अंगावर कळले होते. आम्हाला त्या उठावातील ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, कारण आपल्या माणसांसाठी हळहळणे कोणालाही जमते.

अंगठा म्हटला की आपल्या भागात आणखी एक आठवण निघते. न वाचता कागदावर अंगठा उठवल्याने किती आदिवासी कुटुंबांच्या जमिनी गेल्या, हे इथल्या जुन्या माणसांना विचारावे. मोबाईलवरचा अंगठाही तसाच आहे. १६ एप्रिल २०२० रोजी आपल्याच जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा तेव्हा गावोगाव फिरत होती. पुढे त्या घटनेलाच धर्माचा रंग देणारे संदेशही फिरले. ते पुढे पाठवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना आपण पीडितांच्या बाजूने आहोत असेच वाटत असणार. सत्य तपासले नसेल तर करुणाही कोणाच्या तरी हातात दगड देते.

पोप दुसरे जॉन पॉल पोलंडचे. ‘एकजूट’ हेच नाव धारण केलेली तेथील कामगार चळवळ १९८० साली उभी राहिली, तेव्हा ते पोपपदावर होते. १९८७ च्या आपल्या परिपत्रकात त्यांनी लिहिले की एकजूट म्हणजे दूरच्यांच्या दुःखाने क्षणभर कळवळणे नव्हे, तर सर्वांच्या हितासाठी झटण्याचा पक्का व टिकाऊ निर्धार आहे. शोमरोन्याने खाणावळवाल्याला दोन नाणी दिली आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना देईन असे सांगितले. परत येण्याचा तो शब्द आम्हाला नाण्यांहून मोठा वाटतो. संत याकोबही (याकोब २:१५-१६) उघड्या-उपाशी माणसाला नुसता आशीर्वाद देऊन निरोप देणाऱ्याची कानउघाडणी करतात.

तारापूरच्या कारखान्यात स्फोट झाला की आपल्या ग्रुपवर मेणबत्त्यांची चित्रे येतात. ११ जानेवारी २०२० च्या रात्रीही स्फोट होऊन माणसे दगावली होती. अशा कामगारांत परप्रांतातून येऊन इथल्या चाळींत भाड्याने राहणारे पुष्कळ असतात. नुकसानभरपाईचे अर्ज भरायला त्यांच्या बायकांना कोणी मराठी वाचणारा लागतो, आणि तारखेला सोबत येणाराही लागतो. ज्यांना हे काम जमेल, त्यांनी मिस्सानंतर आम्हाला भेटावे.