चंद्रकांत पंडित : कर्णधार आणि प्रशिक्षक

ब्राझीलच्या मारियो झागालो याने १९५८ व १९६२ साली खेळाडू म्हणून आणि १९७० साली मार्गदर्शक म्हणून फुटबॉलचा विश्वचषक जिंकला. स्वतः खेळणे ही एक विद्या. ती दुसऱ्याच्या अंगी उतरविणे ही निराळीच. दोन्ही साधलेले थोडेच. आपल्याकडे चंद्रकांत पंडित यांचे नाव घ्यावे लागेल, मात्र त्यांच्या कथेच्या मध्यभागी एक पराभव आहे.

मुंबईत १९६१ साली जन्मलेले व रमाकांत आचरेकरांच्या हाताखाली तयार झालेले पंडित हे यष्टिरक्षक-फलंदाज. भारतातर्फे ते ५ कसोटी व ३६ एकदिवसीय सामने खेळले. पुढे मध्यप्रदेशाचे कर्णधार या नात्याने त्यांनी १९९८-९९ च्या हंगामात संघाला रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले. बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर कर्नाटकाविरुद्ध पहिल्या डावात ७५ धावांची आघाडीही मिळाली. अंतिम सामना अनिर्णित राहिल्यास अशी आघाडी घेणाऱ्यास करंडक मिळतो, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. म्हणजे शेवटच्या दिवशी केवळ तग धरला असता तरी पुरे होते. तेवढेच झाले नाही. संघ कोसळला व ९६ धावांनी हरला.

प्रशिक्षक झाल्यावर त्यांनी मुंबईस तीनदा रणजी करंडक मिळवून दिला. मुंबईस जिंकविण्यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या विदर्भाने तोवर हा करंडक कधीच जिंकला नव्हता, त्याने पंडितांच्या मार्गदर्शनाखाली २०१७-१८ मध्ये इंदूर येथे दिल्लीस हरविले आणि पुढल्या वर्षी करंडक राखलाही. त्यांची शिस्त कडक; ती सर्वांनाच मानवली असे नाही. तरी २०२४ साली कोलकात्याच्या संघाने त्यांच्याच हाताखाली आयपीएल जिंकली.

त्यापूर्वी, २०२२ च्या जूनमध्ये, रणजीच्या अंतिम सामन्यात मध्यप्रदेशापुढे मुंबई उभी राहिली, तीही त्याच चिन्नास्वामी मैदानावर. घरात मराठी बोलणाऱ्या आम्हा चांदनीकरांनी कोणाची बाजू घ्यावी? पंडित मात्र या वेळी मध्यप्रदेशाचे प्रशिक्षक होते. मुंबईच्या ३७४ धावांस संघाने ५३६ धावांनी उत्तर दिले. यश दुबे, शुभम शर्मा व रजत पाटीदार या तिघांनी शतके ठोकली. १६२ धावांची आघाडी हाती असूनही संघ तिच्यावर विसंबून राहिला नाही. मुंबईचा दुसरा डाव २६९ धावांत गुंडाळून १०८ धावांचे लक्ष्य त्याने ४ गडी गमावून गाठले. होळकरांच्या इंदूर संघाने पूर्वी चार वेळा हा करंडक जिंकला होता. मध्यप्रदेशाचा मात्र हा पहिलाच. २३ वर्षांपूर्वी ज्या मैदानावरून ते रित्या हातांनी परतले होते, तेथेच २६ जून २०२२ रोजी पंडितांना सर्वांदेखत अश्रू आवरले नाहीत.