एलीयाची गणती

शास्त्रपाठ : १ राजे, अध्याय १८ व १९

‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण आपल्या खेडेगावांत कोणाच्या अनुभवास आलेली नाही? मुलगा मुंबईस कामाला गेलेला. दोन दिवस त्याचा फोन लागत नाही. घडलेले एवढेच. परंतु रात्र पडली की आईचे मन धावू लागते. फोन लागत नाही म्हणजे तो आजारी असेल. आजारी म्हणजे इस्पितळात पडला असेल. आणि पहाट होण्यापूर्वीच ती माउली मनातल्या मनात सुतक धरून बसते. अशा समयी काय करावे, हे आज आम्ही एलीया संदेष्ट्याच्या चरित्रावरून पाहू.

कर्मेल डोंगरावर जो पुरुष निर्भयपणे उभा राहिला, तोच ईजबेल राणीचा निरोप येताच जीव घेऊन पळाला. बैर-शेबा येथे त्याने आपल्या चाकरास मागे ठेविले, रानात एक दिवसाची वाट एकटाच चालून गेला, आणि रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागू लागला. पुढे होरेब डोंगरावर त्याने देवापुढे दोनदा हेच गाऱ्हाणे केले, की आपण एकटेच उरलो आहो.

आता हे गाऱ्हाणे तपासून पाहावे. राणीने त्याच्या जिवावर उठून शपथ वाहिली होती, हे खरे. कित्येक संदेष्टे मारले गेले होते, हेही खरे. परंतु तो एकटाच उरला होता, हे खरे नव्हते. आणि विशेष हे की, ते खरे नसल्याचे त्याने स्वतःच्या कानांनी ऐकिले होते. अठराव्या अध्यायात ओबद्या त्याला सांगतो, की आपण शंभर संदेष्टे पन्नास पन्नास करून गुहेत लपविले व त्यांस अन्नपाणी पुरविले. भयाच्या भरात एलीया हे शंभर जण विसरला! चिंतेचा स्वभावच असा आहे. ती दोन खऱ्या गोष्टींच्या पाठीस तिसरी खोटी बांधते, आणि आपण तिन्ही खऱ्या मानून घेतो.

देवाने त्याला कसे सावरिले, तो क्रम पाहा.

पहिली गोष्ट, शरीर. देवदूताने त्याला बोल लाविला नाही; निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाणी त्याच्या उशाशी ठेविले. तो जेवला, निजला, आणि उठून पुन्हा जेवला. उपाशी व जागरणाने शिणलेल्या मनास सारासार विचार सुचत नाही. भयाने श्वास भरभर चालू लागला म्हणजे चक्कर येते, हातांस मुंग्या येतात, आणि आता मरण आले असे वाटते. त्या वेळी खाली बसावे, पाय भुईस टेकवावे, आणि श्वास घेण्यापेक्षा सोडण्यास अधिक वेळ लावावा. हळूहळू जीव थाऱ्यावर येऊ लागतो. छातीत दुखत असेल तर मात्र डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावू नये.

दुसरी गोष्ट, ठिकाण. तो तेथे काय करीत आहे, असे देवाने त्यास दोनदा विचारिले. त्या आईचे मन मुंबईच्या इस्पितळात भटकत असते. शरीर मात्र आपल्याच घरात असते. म्हणून जे समोर आहे त्याची नावे घ्यावी : ही चूल, हा हंडा, ही निजलेली लेकरे. गोठ्यातल्या बैलाच्या गळ्यातील घुंगरू ऐकावे. भुईचा गारवा तळहातास लागू द्यावा. असे केल्याने भटकलेले मन घरी परत येते.

तिसरी गोष्ट, गणती. बआलापुढे ज्यांनी गुडघे टेकिले नाहीत असे सात हजार इस्राएलांत आहेत, असे देवाने त्यास कळविले. एलीयाची गणती एक. देवाची सात हजार! आपणही घडलेले एका बाजूस व मनाने रचिलेले दुसऱ्या बाजूस मांडावे. लिहिता येत नसेल तर शेजाऱ्यापाशी मोठ्याने बोलून दाखवावे.

चौथी गोष्ट, काम व सोबती. देवाने त्यास परतीच्या वाटेला लाविले, नेमून दिलेली कामे सांगितली, आणि अलीशासारखा सोबती दिला. त्या आईनेही सकाळी मुलाच्या सोबत्याला किंवा मुकादमाला फोन करावा. चिंता शंभर कामे दाखविते. त्यांतले आज होण्याजोगे एक करावे.

उपदेशक बंधूंस आमची एक विनंती आहे. अशा मनुष्यास ‘तुझा विश्वास कमी’ असे म्हणू नये. देवाने एलीयास तसे म्हटले नाही. प्रथम भाकर द्यावी, मग जवळ बसावे. आणि कोणी पुष्कळ दिवस झोपत नसेल, किंवा मरणाची भाषा बोलत असेल, तर त्यास एकटे सोडू नये. प्रार्थना करावी व दवाखान्यातही न्यावे. सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मंदिराच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न :
१. एलीयाच्या गाऱ्हाण्यात खरे किती व खोटे किती?
२. ओबद्याने त्यास काय सांगितले होते?
३. ह्या आठवड्यात आपल्या मनाने जे रचिले, त्यांतले प्रत्यक्ष किती घडले?